डाव्या गालावरच्या घामाबद्दल

पुणे, रविवार रात्र

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई यांस,
मनूचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं होत नाही. बाबा, तब्येतीचा विषय निघाला की तुम्ही "थांब, आईला देतो" म्हणता. आणि आई, तू स्पीकर लावून, बाबा समोर बसलेले असताना, "काही नाही गं, बरे आहेत" म्हणतेस. म्हणून लिहिते आहे. लिहिलेलं असलं की बाबा चष्मा पुसून दोनदा वाचतात आणि वीजबिलांच्या फायलीत लावून ठेवतात. मला तेवढं पुरे.

आधी मुद्द्याचं सांगते, मग रागवा. येत्या शुक्रवारी संध्याकाळी निखिल आणि मी गाडी घेऊन सांगलीला येतोय, आणि शनिवारी सकाळी तुम्हा दोघांना दहा दिवसांसाठी इकडे घेऊन येणार आहोत. सोमवारी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, बुधवारी शुगरच्या डॉक्टरांची. ठरवूनच टाकलंय, विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर बाबा "बघू" म्हणाले असते. बाबांच्या "बघू"चा अर्थ माझ्या सायकलला विचारा.

कारण सांगते. इस्लामपूरला सुमाआत्याकडच्या लग्नात मी तुमच्या डाव्या हाताला बसले होते, बाबा. तुम्ही वरणभातावर लिंबू पिळलंत. घास अजून तोंडात गेलाही नव्हता आणि कानाच्या पुढे, कल्ल्यांच्या खाली, रुपयाएवढी जागा लाल झाली. मग तिथे बारीक थेंब उभे राहिले, पातेल्याच्या झाकणाला आतून येतात तसे. एक ओघळला, जबड्याच्या कडेनं हनुवटीपर्यंत आला आणि ताटातल्या पापडावर पडला. उजवा गाल मात्र कोरडा ठणठणीत. तुमच्या डाव्या मुठीत रुमालाची घडी आधीपासूनच तयार होती, ती पाहून माझ्या पोटात कसंतरी झालं. म्हणजे हे आजचं नव्हतं. वाढपी मठ्ठा घेऊन आला तोवर तुम्ही उठला होतात. ज्यांनी आम्हाला पंगतीतून शेवटचा माणूस उठेपर्यंत उठू नये हे शिकवलं, ते उठले होते.

मग आईकडून एकेक कळलं. गणपतीपासून चाललंय. घरात आधी सगळ्यांचं होऊ देता आणि मागच्या खोलीत एकटे जेवता. रोजचे दोन रुमाल धुवायला पडतात. आई, तू कांदा-लसूण मसाला बंद केलास, ठेचा बंद केलास, धन्याचं पाणी दिलंस, मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढलीस. मी हसत नाहीये. पण तिखट बंद करूनही घाम थांबला नाही, कारण हा तिखटाचा घाम नाहीच. तिखटाचा घाम आपल्या सगळ्यांना येतो. मिरची तोंडातल्या उष्णता कळणाऱ्या नसांनाच फसवते, शरीराला वाटतं तापलंय, मग कपाळ, नाक, डोकं, दोन्ही बाजू सारख्या भिजतात. आप्पाकाका मिसळ खाताना आठवा. बाबांचा एकच गाल भिजतो, आणि तोही लिंबाला, चिंचेला, नुसत्या फोडणीच्या वासाला.

आता जे सांगायला हे पत्र आहे ते सांगते. बाबा, हे मला माहीत होतं.

तुमच्या कानापुढच्या गाठीच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी संमतीचे कागद माझ्यापुढे आले. तेव्हा आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एकच भीती होती, की चेहऱ्याची नस दुखावली तर तोंड वाकडं होईल. ज्या लाळग्रंथीत ती गाठ होती, तिच्या मधूनच ही नस जाते. मी सर्जनना तेच तीनदा विचारलं. त्यांनी सगळं समजावलं आणि शेवटी म्हणाले, "पुढे कधीतरी, काही महिन्यांनी, वर्षानं, जेवताना त्या गालावर घाम येऊ शकतो, तेव्हा घाबरू नका." मी हो हो म्हटलं, सही केली आणि विसरून गेले. घामाचं काय एवढं, असं वाटलं असेल. तुम्हाला सांगितलंच नाही. आणि तुम्ही इतके महिने, आई म्हणते, रात्री आरशासमोर उभं राहून कानाखाली बोटं दाबून बघता. गाठ परत आली असं तुम्हाला वाटतंय ना? सांगितलं असतं तर तुमच्या इतक्या रात्री वाचल्या असत्या. ही चूक माझी आहे, तुमच्या शरीराची नाही.

त्या घामाचा अर्थ गाठ परत आली असा नाही, बाबा. रिपोर्टमध्ये ती साधी गाठ होती, आणि डॉक्टर सोमवारी हातानं तपासतीलच, म्हणजे मनातली शंकाही जाईल. घामाचं कारण वेगळं आहे. कानापुढची ती मोठी लाळग्रंथी, गालगुंड होतात ना तीच, तिथली गाठ काढताना लाळेला निरोप देणारे बारीक तंतू तुटतात. ते टाळता येत नाही. तुटलेले तंतू मग महिनोन् महिने हळूहळू वाढतात आणि आपली जागा शोधतात. पण वाट चुकून ते वरच्या कातडीतल्या घामाच्या ग्रंथींना जाऊन मिळतात. लाळग्रंथी काय आणि घर्मग्रंथी काय, दोघींनाही निरोप एकाच रसायनातून पोचतो, त्यामुळे घामाच्या ग्रंथीला तो कळतो आणि ती कामाला लागते. तोंडाला पाणी सुटायच्या वेळी गालाला पाणी सुटतं. म्हणून तर ऑपरेशननंतर लगेच काही झालं नाही, वर्ष उलटल्यावर सुरू झालं.

२०१९ च्या पुरानंतर आपल्या घराचं वायरिंग नव्यानं केलं तेव्हा वायरमननं काय करून ठेवलं होतं? स्वयंपाकघराचं बटण दाबलं की पडवीतली ट्यूब लागते. तस्संच. बटण चांगलं, ट्यूबही चांगली, जोडणी तेवढी चुकली.

याला नावही आहे, फ्रायचा सिंड्रोम. नाव एका बाईंचं आहे, हे तुम्हाला आवडेल. लुत्सिया फ्राय या पोलंडच्या मेंदूविकारतज्ज्ञ. १९२३ साली त्यांनी एका सैनिकाबद्दल लिहिलं. त्याला कानाजवळ बंदुकीची गोळी लागून जखम झाली होती, आणि नंतर जेवताना त्याच्या त्याच बाजूच्या गालावर घाम यायचा. त्यांच्या आधीही लोकांनी हे पाहिलं होतं, पण नेमकी कुठली नस ते बाईंनी दाखवून दिलं. पुढे १९४२ च्या सुमारास नाझींच्या अमलाखाली त्यांचा शेवट झाला, ते वाचून मी रात्री बराच वेळ बसून राहिले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी एका तरण्या सैनिकालाही ताटावर मान घालून गाल पुसावा लागत होता. तुम्ही एकटे नाही, एवढंच.

आणि तपासणी कशी करतात सांगू? सहावीच्या वर्गात तुम्ही उकडलेल्या बटाट्यावर आयोडीनचा थेंब टाकून दाखवायचात तो प्रयोग! गालावर आयोडीन लावून वाळू देतात, वरून स्टार्चची पूड भुरभुरवतात आणि काहीतरी आंबट खायला देतात. घाम आला तेवढीच जागा निळी-काळी होते. अठ्ठावीस वर्षं मुलांना दाखवलंत, आता स्वतःच बटाटा व्हायचंय. (घरी करून बघायचं नाही. तुमच्या कपाटात टिंक्चर आयोडीनची बाटली आहे हे मला माहीत आहे आणि आईकडे कॉर्नफ्लॉवर आहे हेही. गाल भाजून घ्याल.)

उपाय आहेत, आणि त्रास नको असेल तर काहीच न करणं हाही चालणारा उपाय आहे. घाम रोखणारं औषध गालावर लावतात, पण दाढी केल्या केल्या लावलं तर झोंबतं. एक मलम आहे, त्यानं कधी तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, म्हणून तुमची प्रोस्टेटची गोळी चालू आहे ते आपण आधीच सांगू. आणि बोटॉक्सची सुई. हो, सुरकुत्यांसाठी घेतात तीच. दचकू नका. तेवढ्या जागेत बारीक सुया टोचतात आणि पुढचे कित्येक महिने घाम बंद होतो, मग लागली तर पुन्हा. पुन्हा ऑपरेशन वगैरे कुणी करणार नाहीये. तुम्ही नको म्हणालात तर सुईही नाही. ते मात्र तुमच्यावर.

मग बुधवारचे शुगरचे डॉक्टर कशाला? आई, तू परवा सहज म्हणालीस की कधी कधी कपाळ आणि मानही ओली होते. तेवढ्यावरून माझी झोप गेली. डायबेटिस जुना झाला की आपोआप चालणाऱ्या नसा थकतात, आणि त्यातही जेवताना घाम येतो, पण तो बहुतेक दोन्ही बाजूंना, कपाळ, डोकं, मान असा. असं असेल तर उठताना चक्कर येते का, थोडं खाल्लं तरी पोट गच्च वाटतं का, किडनी कशी आहे, हे सगळं बघावं लागतं. बाबांची साखर वीस वर्षांची आहे. नसेलही काही. पण एकाच फेरीत दोन्ही बघून घेऊ, म्हणजे मी तुमच्या मागे पुन्हा लागणार नाही. (लागेन. पण कमी.)

आणि बाबा, आता जरा ओरडू दे. घाम नको म्हणून तुम्ही अर्ध्या भाकरीवर उठता आणि साखर कमी करायची गोळी मात्र पूर्ण घेता. हे शुक्रवारपर्यंतसुद्धा चालणार नाही. घामापेक्षा हे कितीतरी धोक्याचं आहे, साखर खाली जाईल. पोट रिकामं असताना थंड घाम, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून, आणि मग जेवण. आई, साखरेचा डबा फ्रिजच्या वर नको, हाताशी ठेव. आणि छातीत जड वाटलं, दम लागला आणि त्याबरोबर घाम आला, तर तो गालाचा घाम समजून रुमाल शोधत बसू नका. सरळ १०८ ला फोन, मग मला. आधी मला नाही. मी अडीचशे किलोमीटरवर आहे.

येताना ऑपरेशनची फाइल, निळी, आणि शुगरचे जुने रिपोर्ट घ्या. बाकी काही भरू नका. इथे खपलीचे गहू आणून ठेवले आहेत. तुमची पातळ उशी आहे. संडास तुम्हाला लागतो तसा, धरायला दांडी बसवून घेतली आहे, निखिलनं स्वतः. लिफ्ट चालू आहे. पेपर सहाला येतो, चहा मी साडेपाचला करीन, नाही केला तर निखिल करेल, त्याचा चहा माझ्यापेक्षा बरा असतो हे तुम्हीच सांगता सगळ्यांना. आई, तुझ्या तुळशीला आणि मोगऱ्याला शेजारच्या काकू पाणी घालतील, मी त्यांच्याशी बोलले आहे. मांजरीचंही.

आणि वाटेत हॉटेलात जेवायचं नाही. तुम्हाला लोकांत बसून खायला नको वाटतं ना, मला कळतं ते. मी डबा घेऊन येते. पेठनाक्यापुढे कराड गेलं की कुठेतरी उसाच्या कडेला सावलीत गाडी लावू आणि गाडीतच खाऊ. दहीभात, आणि बाबांसाठी लिंबाचं लोणचं, तेच, ज्यानं घाम येतो. येऊ दे. मी डाव्या बाजूला बसते, लहानपणी ताप आला की तुम्ही माझ्या मानेवरून तुमच्या धोतराचं टोक फिरवायचात, तसा रुमाल फिरवीन. तुम्ही फक्त जेवा. शेवटच्या घासापर्यंत, मठ्ठ्यासकट.

ईशान विचारतोय आजोबा बुद्धिबळ आणणार का. पट त्याच्याकडे आहे, उंट एक हरवला आहे, तेवढा उंट आणा.

रागावला असाल तर शुक्रवारी समोर रागवा, फोनवर गप्प बसू नका.

शनिवारी निघताना गॅस, नळ, मागचं दार नेहमीप्रमाणे बाबा बघतील. आई, तू स्वयंपाकघराचं बटण आठवणीनं बंद कर. नाहीतर दहा दिवस पडवीतली ट्यूब जळत राहील.

तुमची,
मनू