यादीत नाव आलं तर

गिरगाव, मुंबई

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, टिळकांच्या आधीचे सगळे म्हणजे नुसते अर्ज-विनंत्यावाले. सरकारपुढे हात जोडून उभे. दोन मार्कांचा मुद्दा आहे, पुढे सरकतो." गॅसवर दूध होतं म्हणून तेव्हा काही बोलले नाही. पण ते डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

अर्ज होतेच. २६ ऑगस्ट १८५२ ला नाना शंकरशेट, दादाभाई, भाऊ दाजी या मंडळींनी बॉम्बे असोसिएशन काढली आणि विलायतेच्या पार्लमेंटला अर्ज धाडला. भाषा इतकी अदबीची की आज तुला हसू येईल. पण हे काम राजरोस चाललं होतं, नावानिशी. सरकार चिडलं असतं तर मानमरातब गेला असता, पण घरी पान वाढलं जाणारच होतं.

आता याच शहरातली त्याआधी तीन वर्षांची गोष्ट घे. १८४९ मध्ये परमहंस सभा निघाली. मराठीचं व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर तिच्या मुळाशी. जातिभेद मोडायचा, हा हेतू. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. पाव! रोज सकाळी खालून लादी आणायचास तोच. हे सगळं दारं लावून, गुपचूप. इंग्रजी शिकलेली, चांगल्या हुद्द्यावरची माणसं होती ही. १८६० मध्ये कुणीतरी सभासदांची यादी पळवली आणि सभा मोडली. धाड पडली नाही, खटला झाला नाही. नावं बाहेर फुटणार, एवढ्यानेच मंडळी पांगली.

यांना भित्रे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वाळीत टाकलं की मुलीचं लग्न अडायचं, श्राद्धाला भटजी यायचा नाही, मयताला खांदा द्यायला चौघं मिळायची नाहीत. आणि याचा भार कुणावर? सभेला गेलेल्या पुरुषापेक्षा घरातल्या बायकांवर जास्त. त्यांना तर पाव खाल्ल्याचं कुणी सांगितलंही नसेल.

दादोबांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग. त्यांनी ३१ मार्च १८६७ ला प्रार्थना समाज काढला तो मात्र उघडपणे. टॅक्सीवाल्याला आपण "प्रार्थना समाज" सांगतो ना, तोच. पण जात मोडल्याशिवाय सभासद होता येणार नाही, ही अट काढून टाकली. थोरल्याचं काय झालं ते धाकट्याने पाहिलं होतं. ही तडजोड मला पटत नाही, पण कळते.

तू पुण्यात आहेस तर पंच हौद एकदा बघून ये. १८९० मध्ये तिथल्या ख्रिस्ती मिशनमध्ये पुढाऱ्यांनी चहा घेतला. रानडे होते, टिळकही होते. नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि पुणं पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि शेवटी दोघांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीतून जावं लागलं. कपभर चहा रे! आणि त्याच साली, १० जूनला, आपल्या इथे नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. तुझे पणजोबा गिरणीत होते, त्यांना पंच हौदचा वाद कुणी समजावून सांगितला असता तर त्यांनी काय म्हटलं असतं कोण जाणे. जोतीराव फुल्यांचा काँग्रेसवरचा आक्षेप हाच तर होता: शूद्र-अतिशूद्र, शेतकरी जिच्यात नाहीत ती सभा सगळ्या राष्ट्राची कशी?

पण मला तुला खरं सांगायचंय ते रखमाबाईंचं. मी कुटुंब न्यायालयात नोकरी करते म्हणून असेल, ती बाई मला जवळची वाटते. बायकोने नांदायला यावं म्हणून हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली केलेले अर्ज आमच्याकडे आजही येतात. मी त्यांना नंबर घालते, फायलीला दोरा बांधते.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं, दादाजी भिकाजींशी. त्या सासरी गेल्याच नाहीत. आईने पुनर्विवाह केलेला, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन, त्यांच्या घरी राहून वाचायला शिकल्या. १८८४ मध्ये नवऱ्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. जी बाई कधी नांदलीच नाही तिला "परत" काय पाठवायचं, आणि हा दावा मुळात विलायती कायद्यातला, हिंदूंच्या धर्मशास्त्रात तो नाहीच, असं त्यांचं म्हणणं. गंमत बघ, साहेबाच्या देशात अशा हुकमापायी तुरुंगात घालणं १८८४ मध्येच बंद झालं होतं, इथे मात्र ते चालू. अपिलात पिन्हेंचा निकाल फिरला, दावा परत चालला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम आला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद. त्यांनी सांगितलं, कैद चालेल. बावीस-तेवीस वर्षांची पोर. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. मग लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेत बायकांच्या दवाखान्यात कितीतरी वर्षं काम केलं.

या सगळ्यात "केसरी" त्यांच्या विरुद्ध होता. टिळकांचं म्हणणं, परक्या सरकारला आपल्या घरात शिरू द्यायचं नाही. मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण इथे सरकारच्या दारात गेला कोण? नवरा. त्याने कोर्टाची पायरी चढली तेव्हा ते सरकार परकं नव्हतं वाटतं!

दादाभाईंवरही माझा थोडा राग आहे. डिसेंबर १८८६ मध्ये कलकत्त्याला अध्यक्षपदावरून ते म्हणाले की काँग्रेसने सगळ्या राष्ट्राला सारखे लागू पडणारेच प्रश्न घ्यावेत, समाजसुधारणा ज्याच्या त्याच्या समाजाकडे ठेवावी. पारशी, मुसलमान, हिंदू एका मांडवात बसवायचे तर दुसरं काय करणार, हे मी समजू शकते. पण त्यानंतर तीनच महिन्यांत फॅरनचा हुकूम निघाला. राष्ट्रातल्या निम्म्या माणसांना लागू पडणारा प्रश्न होता तो. रानड्यांनी मग १८८७ पासून सामाजिक परिषद वेगळी भरवली, काँग्रेसच्याच मांडवात, तिचं काम उरकल्यावर. १८९५ ला पुण्यात तोही मांडव मिळाला नाही. जाळून टाकू म्हणाले लोक. रानड्यांनी परिषद दुसरीकडे नेली.

रानडेही काही धुतल्या तांदळाचे नव्हेत. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, आणि १८७३ मध्ये पहिली बायको गेल्यावर वडिलांच्या शब्दाखातर अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. तिला शिकवलं, मोठं केलं, सगळं खरं. तरी लग्न केलंच.

आगरकर आणि टिळक १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते, कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीपायी. सुटले तेव्हा लोकांनी दोघांनाही डोक्यावर घेतलं. पुढे आगरकरांनी मुलींचं संमतिवय वाढवण्याची, विधवांची बाजू घेतली, तर त्याच लोकांनी त्यांच्या जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तू म्हणतोस तसे हात जोडून उभे राहिलेले लोक होतेच, पण सरकारपुढे उभं राहणं त्यांतल्या त्यात सोपं होतं, असं मला वाटतं. शेजारच्या बिऱ्हाडापुढे उभं राहणं कठीण.

तेव्हा परीक्षेत १८८५ आलं की काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, २८ डिसेंबर, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळा, ७२ प्रतिनिधी, पुण्यात कॉलरा म्हणून मुंबई, हे तर लिहिशीलच. त्याच्या आधी तीन महिने, इथून फार लांब नाही अशा कोर्टात पिन्हेंचा निकाल लागला होता, तेही एका ओळीत लिही. मार्क नाही मिळाले तरी चालतील. मेसचे पैसे शनिवारी पाठवते.

तुझी
आई