टेबल सॉवरची ढकलकाठी: मुक्ताला पत्र

कोल्हापूर

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या नव्या टेबल सॉचा, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याच्या करवत-यंत्राचा, फोटो तुझ्या आईने आणि मी पुन्हा पुन्हा पाहिला. यंत्र चांगले आहे, फेन्स (लाकूड जिला टेकवून सरळ सरकवतात ती पट्टी) सरळ बसलेली दिसते, आणि पात्यामागचा रायव्हिंग नाईफ, म्हणजे कापलेली फट मिटू न देणारी पाती, तू अडचण समजून काढून ठेवलेला नाहीस, याचे मला विशेष समाधान वाटले. मात्र यंत्राच्या कडेला टांगलेली, टोकाला खाच असलेली ती अरुंद प्लॅस्टिकची पुश स्टिक, म्हणजे लाकूड पात्याकडे ढकलायची काठी, पाहून मी अस्वस्थ झालो. फोनवर बोलता आले असते, पण सोबतचा नव्या ढकलकाठीचा कागदी साचा खऱ्या मापाचा आहे, आणि तो टपालानेच पाठवणे भाग होते.

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीचे टोक नाही, हे तू जन्मापासून पाहत आलीस. लहानपणी तू विचारायचीस तेव्हा दारात बोट सापडले असे मी सांगत असे. ते खरे नव्हते. मी ज्या पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामासाठी लाकडी नमुने बनवणाऱ्या कारखान्यात) कामाला होतो तिथल्या यंत्राला रायव्हिंग नाईफ नव्हता, पात्यावरचे झाकण म्हणजे गार्ड कधीच काढून टाकलेला होता, आणि आम्ही सगळे हाताला येईल ती पट्टी घेऊन, तिच्या टोकाला खाच पाडून माल ढकलत असू. मी सागवानाची पट्टी उभी कापत होतो. लाकडात ताण होता, त्यामुळे कापलेली फट मागे मिटत गेली आणि पट्टी पात्याला चिकटली. खाच कोपऱ्यावरून निसटली, पट्टी माझ्या बरगडीजवळून मागच्या भिंतीवर आदळली, आणि ज्या हाताने मी जोर लावला होता तो हात, समोरचा आधार अचानक नाहीसा झाल्याने, त्याच जोराने पुढे गेला. त्या क्षणी मी काही चुकीचे करत आहे असे मला मुळीच वाटले नव्हते.

त्या काठीचा दोष कुठे आहे ते नीट समजून घे. पात्याचे पुढचे दात लाकडाला खाली, टेबलावर दाबतात, पण मागचे दात टेबलातून वर येत असतात, आणि लाकूड फेन्सपासून जरा जरी सुटून त्यांच्याकडे वळले की ते त्याला उचलून थेट तुझ्या दिशेने फेकतात. मिनिटाला ४,००० फेरे घेणाऱ्या १० इंची पात्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर भरतो, आणि २४ दातांचे पाते असेल तर एका सेकंदात १,६०० दात त्या जागेवरून जातात. हात मागे घेण्याइतका अवधी माणसाला मिळतच नाही. अशा वेळी लाकडाला पुढे ढकलणे जितके आवश्यक, तितकेच त्याला सबंध लांबीवर खाली दाबून ठेवणे आवश्यक असते. खाचेची अरुंद काठी लाकडाच्या मागच्या एका बिंदूवरच टेकते. तिने पुढे ढकलता येते, पण दाबता जवळजवळ येत नाही. लाकडाचे पुढचे टोक उचलू शकते, आणि जोर थोडा तिरका लागला तर लाकूड त्या बिंदूभोवती फिरून फेन्स सोडते.

म्हणून सोबतचा साचा बुटाच्या आकाराचा काढला आहे. तळवा सुमारे १२ इंच लांब आहे, मागे खाली उतरलेली टाच आहे, आणि मूठ इतकी उंच आहे की तुझा हात सतत पात्याच्या वर राहील. मूठ हातकरवतीच्या मुठीसारखी पुढे कललेली ठेवली आहे, त्यामुळे एकाच हाताचा जोर खाली आणि पुढे असा दोन्हीकडे विभागला जातो. ती फार पुढे घेतलीस तर टाच उचलेल आणि फार मागे नेलीस तर तळव्याचे टोक उचलेल. मी दोन-तीनदा कापून पाहून ती मधल्या भागाच्या किंचित मागे आणली आहे, ती जागा बदलू नकोस. टाच ६ मिमी उतरते, आणि ती नेहमी लाकडाच्या जाडीपेक्षा कमीच हवी, नाहीतर टेबलावर घासून तळवा अधांतरी राहतो. ६ मिमी प्लाय कापायचा असेल तेव्हा ३ मिमी टाचेची दुसरी करून घे.

ही ढकलकाठी १२ मिमी प्लायचीच कर. सागवान किंवा शिसवीची केलीस तर दिसायला सुरेख होईल, पण टाचेपाशी लाकडाच्या धाग्यांची रेषा आडवी गेली की नेमकी तिथेच फुटते. प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्याने ते तसे चिरत नाही. खिळा किंवा स्क्रू कुठेही नको, कारण पाते कधीतरी काठीला लागणारच, आणि धातूला लागले तर दाताचा तुकडा उडतो. कडा रंध्याने मोडून गोल कर. तळव्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवलीस तर पकड चांगली येते. मात्र भुसा बसला की तीच पट्टी घसरते, म्हणून दर वेळी पुसत जा.

तुझी जुनी काठी फेकू नकोस. गार्ड आणि फेन्स यांच्यामधली जागा अरुंद असते तेव्हा तिथे ती लांब काठीच जाते, आणि डाव्या हाताने लाकूड फेन्सला टेकवून धरायलाही ती उपयोगी आहे. तो दाब पात्याच्या अलीकडे असावा, पात्याच्या बाजूला कदापि नको, कारण तिथे दाबले की फट मिटते आणि माझे झाले तेच होते. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने कापाच्या शेवटच्या ३०० मिमीसाठी पुश स्टिक वापरावी असे सांगितले आहे, आणि ३०० मिमीपेक्षा लहान काप असेल तर पहिल्यापासूनच. फार अरुंद पट्ट्या काढायच्या असतील तर जाड ठोकळ्याचा बूट कर आणि पात्याला त्यातूनही जाऊ दे. ठोकळा खराब झाला तर दुसरा करता येतो.

ढकलताना जोर नेहमी पाते आणि फेन्स यांच्यामधल्या भागावर असावा आणि तो भाग पात्याच्या पूर्ण पलीकडे जाईपर्यंत थांबू नकोस. स्वतः पात्याच्या रेषेत उभी राहू नकोस. काठी यंत्र सुरू करण्यापूर्वीच फेन्सवर, उजव्या हाताला सापडेल अशी ठेवलेली असावी. अर्ध्या कापात ती शोधायला नजर वळवणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. तिला भडक रंग दे, म्हणजे भुशात हरवणार नाही.

साचा प्लायवर चिकटवून जिगसॉने काप, टेबल सॉवर नको. झाल्यावर प्लग काढून ठेव, पाते खाली घे आणि टाकाऊ पट्टीवर वीस-पंचवीस वेळा नुसती ढकलून बघ. मूठ हातात कुठे बोचते ते मला कळव, मी साचा दुरुस्त करून पाठवीन.

तुझे बाबा