दुसऱ्या बाळाआधी कांजिण्यांची लस

सांगली

चि. स्वातीस आईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "आई, ओमला कांजिण्यांची लस दिलीय, मग मीपण घ्यायची का?" मी "सांगते नंतर" म्हणून फोन ठेवला. तुझा फोन स्पीकरवर होता, तुझ्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर दुसऱ्या बाळाचा विषय मला काढायचा नव्हता. तो तुमचा दोघांचा आहे. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच, मग सचिनरावांनाही वाचायला दे.

माझं मत आधीच सांगून टाकते. रक्त तपासून घे. कांजिण्यांविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे त्या विषाणूशी लढणारी रक्तातली प्रथिनं, अंगात नसतील तर लसीचे दोन्ही डोस घे, आणि बाळाचा विचार त्यानंतर कर. हा क्रम उलटा करू नकोस.

तुला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, हे बहुधा मीच सांगू शकेन. दादाला दुसरीत असताना झाल्या. तू तेव्हा कराडला आजीकडे होतीस. नुकतीच टायफॉइडमधून उठली होतीस, म्हणून दादाच्या खपल्या पडेपर्यंत बाबांनी तुला परत आणलंच नाही. त्यानंतरही तुझ्या अंगावर पाण्याचे फोड आलेले मी पाहिलेले नाहीत. तरीही माझ्या शब्दावर विसंबू नकोस. काही मुलांचं पाच-दहा फोडांवर निभावतं आणि घरचे घामोळं समजून सोडून देतात. ज्यांना "झाल्या होत्या" असं आठवतं त्यांची आठवण बहुतेक वेळा खरी निघते, पण "झाल्या नाहीत" म्हणणाऱ्या मोठ्या माणसांतल्या बऱ्याच जणांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडतात. म्हणून तपासणी. लॅबमध्ये "व्हॅरिसेला आयजीजी" म्हणून सांग.

दंडावरच्या वणाचंही सांगते, कारण नर्स म्हणून वॉर्डात असताना हा गैरसमज मी फार ऐकलाय. "आम्हाला देवी टोचलीय, आम्हाला काही होत नाही." माझ्या दंडावर आहेत ते देवीचे वण. देवीचा रोग भारतातून १९७५ मध्ये गेला, पुढे ते टोचणंही थांबलं. तुझ्या डाव्या दंडावर आहे तो बीसीजीचा, क्षयाच्या लसीचा. या दोन्हींचा कांजिण्यांशी काहीही संबंध नाही. देवी आणि कांजिण्या हे वेगळे रोग आहेत हे विल्यम हेबर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १७६७ मध्येच मांडलं होतं.

आता मूळ मुद्दा. सासूबाई म्हणतात की कांजिण्या येतात आणि जातात, एकदा होऊन गेल्या की जन्माची सुटका. लहान मुलाच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे, त्यांना खोडून काढू नकोस. पण तू आता लहान नाहीस. अमेरिकेत १९९५ मध्ये लस आली. त्याआधी तिथे दरवर्षी साधारण ४० लाख लोकांना कांजिण्या होत आणि १०० ते १५० माणसं दगावत. एकूण रुग्णांत प्रौढ शंभरात पाचसुद्धा नव्हते, पण मृत्यूंत त्यांचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास होता. मोठ्यांमध्ये हा विषाणू फुफ्फुसात उतरतो. सिगारेट ओढणाऱ्यांना आणि गरोदर बायकांना त्याचा धोका आणखी जास्त.

संसर्गाच्या वॉर्डात मी पाहिलेला एक तरुण बाप अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. आधी त्याच्या मुलीला झाल्या. ती आठवड्याभरात खपल्या खाजवत अंगणात खेळायला लागली. मग त्याला झाल्या, आणि तो ऑक्सिजनवर. बायको दाराशी, मुलगी शेजाऱ्यांकडे. तो वाचला, पण कामावर जायला त्याला फार दिवस लागले. रोज पहाटे तो विचारायचा, "सिस्टर, पोरीला घरी कोण बघतंय?" मूल वाढवणाऱ्या माणसाने आजारी पडणं म्हणजे काय, हे मला त्याच्याकडे बघून समजलं.

घरात एकाला कांजिण्या झाल्या की ज्यांना आधी झालेल्या नाहीत अशा दहांपैकी नऊ जणांपर्यंत त्या पोचतात. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस त्या पसरवू लागतो. आपल्याकडे रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवायची, कोणाला आत जाऊ न द्यायची रीत होती. ती शहाणपणाची होती, पण फोड दिसल्यावर दार लावून उपयोग अर्धाच. लोकलच्या डब्यात तुझ्या खांद्याला खांदा लावून उभी असलेली बाई उद्या तापाने पडणार आहे, हे तिलाही माहीत नसतं.

ओमला लस दिलीस हे फार चांगलं केलंस. दुसरा डोस राहिला असेल तर तो आधी पुरा कर, एकाच डोसवर काही मुलांना सौम्य स्वरूपात होतातच. पण ओमच्या लसीने तुझी जागा भरून निघत नाही.

आणि गरोदरपण. हे तुला घाबरवायला लिहीत नाही, पण तुला ठाऊक असलंच पाहिजे. पहिल्या २० आठवड्यांत आईला कांजिण्या झाल्या तर काही बाळांच्या हातापायांची वाढ खुंटते, त्वचेवर व्रण राहतात, डोळ्यांत आणि मेंदूत दोष राहतो. याचं प्रमाण कमी आहे, शंभरात दोनाच्या वर जात नाही. दुसरा धोक्याचा काळ बाळंतपणाच्या आसपासचा. प्रसूतीच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईच्या अंगावर फोड उठले तर बाळाला विषाणू मिळतो, पण आईकडून प्रतिपिंडं मिळायला वेळच मिळालेला नसतो. अशा बाळाला तातडीने इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, द्यावं लागतं. आणि गरोदर असताना ही लस देता येत नाही. दिवस गेल्यावर आठवण होऊन काही उपयोग नाही, तेव्हा फक्त जपून राहणं हातात उरतं. तुझी वेळ आत्ता आहे, असं मी म्हणते ते याच कारणाने.

तू विचारलंस की जिवंत विषाणूची लस आहे, मग भीती नाही का? प्रश्न रास्त आहे. विषाणू जिवंत असतो, पण दुबळा केलेला. ज्यांची प्रतिकारशक्ती खचलेली आहे, केमोथेरपी चालू आहे, स्टेरॉइडचे मोठे डोस चालू आहेत, त्यांनी ती घ्यायची नाही. जिलेटीन किंवा निओमायसिन या अँटिबायोटिकची जोरदार ॲलर्जी असेल त्यांनीही नाही. तुला यातलं काही नाही. टोचलेल्या जागी दुखतं, तेही चौघांत एकाला. कधी ताप येतो, आणि थोड्या जणांना महिन्याभरात चार-दोन फोड येतात. असे फोड आले तर ते झाकून ठेवायचे आणि गरोदर बाईच्या किंवा तान्ह्या बाळाच्या जवळ जायचं नाही. लस घेतलेल्या माणसाकडून दुसऱ्याला लागण होणं अत्यंत विरळ आहे. एक मात्र लक्षात ठेव, लस घेतल्यावर सहा आठवडे ॲस्पिरिन घ्यायची नाही. ताप आलाच तर पॅरासिटामॉल.

टोचून घेताना दिवस गेलेत हे नकळत राहून गेलं तर? अमेरिकेत १९९५ पासून अनेक वर्षं अशा बायकांची नोंद ठेवली गेली. कांजिण्यांमुळे येणारं ते व्यंग त्यांच्या एकाही बाळात आढळलं नाही. तरी नियम तो नियम. लस घ्यायला जाताना पाळीची तारीख डॉक्टरांना सांग.

या लसीची गोष्ट तुला आवडेल. मिचिआकी ताकाहाशी नावाचे जपानी डॉक्टर १९६४ मध्ये अमेरिकेत संशोधनासाठी होते. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला खेळगड्याकडून कांजिण्या झाल्या आणि तापाने तो इतका बेजार झाला की आईबाप रात्रभर त्याच्याजवळ बसून राहिले. मुलगा बरा झाला. ताकाहाशी मात्र ओसाकाला परतल्यावर याच विषाणूच्या मागे लागले. ओका आडनावाच्या एका लहान मुलाच्या फोडातला विषाणू घेऊन त्यांनी तो आधी माणसाच्या आणि मग गिनी पिगच्या पेशींत पुन्हा पुन्हा वाढवला, त्याचा जोर मोडेपर्यंत. १९७४ मध्ये त्यांनी लस जगापुढे मांडली. आजही जगभरच्या बहुतेक लसींत तोच ओका विषाणू आहे. पोटच्या पोरासाठी जागलेल्या बापाचं हे काम आहे.

सचिनराव म्हणतील की इतकी महत्त्वाची असती तर सरकारने फुकट दिली नसती का. आपल्या सरकारी लसीकरणात ती अजून नाही, खासगी दवाखान्यात एका डोसला दोन हजारांच्या आसपास पडतात. पण यात एक बारीक गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं, की सरकारी कार्यक्रमात ही लस घ्यायची तर ८० टक्के मुलांपर्यंत ती सातत्याने पोचली पाहिजे. निम्म्याशिम्म्या मुलांना दिली तर विषाणू फिरतो कमी, पण संपत नाही. मग राहिलेल्यांची लहानपणी त्याच्याशी गाठ पडत नाही, ती मोठेपणी पडते. तुमच्या सोसायटीत नेमकं तेच होतंय असं मला वाटतं. बरीच मुलं खासगीत लस घेतलेली, आणि त्यांच्यामध्ये तुझ्यासारख्या बाया, ज्यांना ना रोग झाला ना लस मिळाली. शिवाय उष्ण प्रदेशात कांजिण्या मुळातच उशिरा गाठतात, थंड देशांतल्यासारख्या सगळ्यांना बालपणीच होत नाहीत.

आता तुझ्या सासऱ्यांबद्दल. मागच्या वर्षी त्यांना नागीण झाली होती. ती याच विषाणूची. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी पडून राहतो आणि वय झालं की एका बाजूने पट्ट्यासारखा उठतो. नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस जातो ही भीती उगाचची आहे, पण फोडातल्या पाण्यातून कांजिण्या न झालेल्या माणसाला लागण होऊ शकते. मला तेव्हाच काळजी वाटली होती, कारण त्यांचे कपडे तूच धूत होतीस. नागिणीची लस वेगळी असते. ५० वर्षांपुढच्यांसाठीची, जिवंत विषाणू नसलेली, २०२३ पासून आपल्याकडे मिळते. महाग आहे, पण त्यांच्या डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

वेळेचा हिशेब असा धर. या आठवड्यात रक्त दे. गरज निघाली तर डिसेंबर संपायच्या आत पहिला डोस, चार ते आठ आठवड्यांनी दुसरा, म्हणजे जानेवारीच्या अखेरीस. फेब्रुवारीपासून उन्हाळा लागेपर्यंत कांजिण्यांचे दिवस असतात, त्याआधी दोन्ही डोस झालेले बरे. दुसऱ्या डोसनंतर किमान एक महिना दिवस जाऊ द्यायचे नाहीत. काही डॉक्टर तीन महिने सांगतात. तुझ्या डॉक्टर जे म्हणतील ते पाळ. याच फेरीत रुबेलाचं, म्हणजे जर्मन गोवराच्या लसीचंही विचारून घे. आपल्या राज्यात २०१८ मध्ये गोवर-रुबेलाची मोहीम झाली ती १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, तुझ्या वयाच्या मुली त्यातून सुटल्या. रुबेलाची लसही जिवंत विषाणूचीच असते. दोन्ही एकाच दिवशी घे, नाहीतर मध्ये चार आठवडे जाऊ दे.

दोन डोसांनी मोठ्यांपैकी साधारण तीन-चतुर्थांश लोकांना पूर्ण संरक्षण मिळतं, बाकीच्यांना झाल्याच तर सौम्य होतात. शंभर टक्के नाही, हे मी लपवत नाही. पण त्या तरुण बापाच्या खाटेजवळ मी उभी राहिलेली आहे, आणि तुझ्यासाठी मला हे तीन-चतुर्थांश हवेत. निर्णय तुझा. नको म्हणालीस तरी मी रागावणार नाही, पण पुन्हा एकदा विचारीन.

आणि हे सगळं व्हायच्या आधीच ओमच्या शाळेतून किंवा ऑफिसातून कुणाला झाल्याचं कळलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. संपर्क आल्यापासून तीन दिवसांत लस घेतली तर पुष्कळदा आजार टळतो.

रक्त द्यायला उपाशी जायची गरज नाही. रिपोर्ट आला की फोटो पाठव. आकडा सीमारेषेवरचा आला तर प्रतिपिंडं नाहीत असंच धरायचं. आणि लस घेतल्यावर खात्रीसाठी पुन्हा तपासणी करू नकोस, साध्या लॅबच्या चाचणीत लसीने आलेली प्रतिपिंडं बऱ्याचदा दिसत नाहीत आणि तू उगाच काळजी करत बसशील. सचिनरावांना दहावीत झाल्या होत्या असं त्यांच्या आईच म्हणाल्या, त्यामुळे त्यांचा प्रश्न नाही.

ओमला पापा. बाबांचे आशीर्वाद.

तुझी,
आई