अंगणवाडी राज्याची, नळ पालिकेचा, मग पोरं कोणाची?

संपादक महोदय,

आम्ही कळव्याला डोंगरावरच्या वस्तीत राहतो, इथे दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत अंगणवाडी भरते. सेविकाताई रोज सकाळी वजनकाटा मांडून बसतात, पण खोलीत नळ नाही आणि दारासमोरचं गटार कायम तुंबलेलं, पोरं त्यावर टाकलेल्या फळीवरून तोल सांभाळत आत येतात. ताईंनी अर्ज दिला तर एका ऑफिसात म्हणाले अंगणवाडी राज्याच्या बालविकास खात्याची, आमच्याकडे येत नाही, आणि तिकडे गेलं की पाणी-गटार पालिकेचं काम. नियमाने दोघांचंही बरोबर असेल हो, पण सारखी हगवण लागून पोराचं वजन घटतं त्याचं काय? नुसत्या पोषण आहाराने ते भरून येत नाही, आधी पाणी चांगलं हवं.

अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती एकात्मिक बालविकास योजना १९७५ पासून चालू आहे. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आल्या, वस्ती सुधारणा आणि शहरी गरिबी निर्मूलन ही कामंही पालिकांच्या यादीत आली. मग महिन्यातून एकदा प्रभाग समितीच्या ऑफिसात सेविका, आशाताई, बचत गटाच्या बायका, पाणी खात्याचे इंजिनिअर आणि बालविकास अधिकारी एका टेबलाशी का बसत नाहीत? कुठल्या गल्लीत कमी वजनाची पोरं आहेत हे ताईंकडे लिहिलेलंच असतं, त्यावरून कुठलं गटार आधी घ्यायचं ते लगेच ठरेल, वेगळा सर्व्हे नको की जादा खर्च नको.

पावसाळ्याआधी नालेसफाई निघते, तेव्हा निदान अंगणवाड्यांसमोरची गटारं तरी पहिली घ्या.

– एक आई, कळवा (ठाणे)