मी तुमची मतदार नाही, ताई

ताई, सप्रेम जय भीम.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं की लोक आधी पक्ष विचारतील आणि मग पुढचं कोणी वाचणार नाही. मागच्या हिवाळी अधिवेशनात सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या पोराला घेऊन आमदार निवासात एक बाई आली होती, बोलता बोलता तिला रडू फुटलं, ती मी. विसरला असाल तरी राग नाही. तुमच्या दारात रांग लागली होती त्या दिवशी.

मी उत्तर नागपूरची, तुम्ही दुसऱ्याच जिल्ह्याच्या. माझं मत तुम्हाला कधीच पडणार नाही, हे मी आत आल्या आल्या सांगून टाकलं होतं. मनात नव्हतं ठेवायचं. तुम्ही म्हणालात, "बरं, मग बसा." 1953 च्या नागपूर करारामुळं वर्षातलं एक अधिवेशन इथं होतं, पण आम्हा नागपूरकरांच्या वाट्याला त्यातलं येतं काय, तर सिव्हिल लाइन्सचे बंद रस्ते आणि मोर्च्यांची गर्दी. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, बरं झालं अधिवेशन इथं भरते.

आमच्या भागातल्या पुढाऱ्यांकडे आधी गेलोच होतो. ते साहेब चौकातल्या फ्लेक्सवर बारा महिने हात जोडून उभे असतात. प्रत्यक्षात त्यांचे हात कधी मोबाईलवरून निघाले नाहीत. दिव्यांगाच्या सर्टिफिकेटचा अर्ज त्यांच्या माणसानं घेतला आणि तोच अर्ज पुढच्या वेळी पुन्हा मागितला. दुसऱ्या एका ठिकाणी खिडकीतला बाबू माझ्या पोराकडे वरून खाली पाहून म्हणाला, "हातपाय तर साबूत दिसून राहिले, याला कशाला पाहिजे दिव्यांगाचं सर्टिफिकेट?" 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात सिकलसेल नाव घेऊन लिहिलेला आहे. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे ठाऊक, खिडकीत बसून पगार घेणाऱ्याला नाही!

ज्यांच्या घरी हा आजार नाही त्यांना काय सांगावं? रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकून बसतात आणि हाडांत कळा सुटतात. रात्री पोरगा भिंतीला पाठ दाबून बसतो, ओरडतही नाही. चार दिवसांनी शाळेत जातो तेव्हा चेहऱ्यावर काहीच नसतं. मग ऐकावं लागतं, "नाटकं करते."

तुम्ही आमचा कागद वाचत होता. वाचता वाचता तुमची नजर त्याच्या ओठांवर गेली. बाहेर बराच वेळ उभं राहून त्याचे ओठ सुकले होते. तुम्ही फाइल मिटली, टेबलावरचा तांब्या स्वतः उचलला, पेला भरला आणि त्याच्यापुढं धरला. "आधी पाणी पी. तुला पाणी कमी पडून चालत नाही ना?" त्यानं लाजून अर्धाच पेला पिऊन खाली ठेवला. "सगळं पी," म्हणालात, आणि तो पिऊन होईपर्यंत थांबलात. दारात पुष्पगुच्छ घेतलेली मंडळी ताटकळली होती, तुमचे पीए घड्याळ पाहत होते. दुसरा पेला भरून तुम्ही त्याच्या हाताशी ठेवला, मगच फाइल उघडली.

ताई, डॉक्टर दर वेळी हेच बजावतात, भरपूर पाणी द्या. आणि मी ते शाळेत सांगून सांगून थकले. वर्गात बाटली ठेवू द्या, त्याला मधेच लघवीला जाऊ द्या, एवढंच मागणं. त्यालाही चिठ्ठी लागते, चिठ्ठीवर सही लागते. तुम्हाला मी काही सांगितलंच नव्हतं. तुम्हाला ते आधीच माहीत होतं, म्हणजे कधीतरी या आजाराबद्दल वाचायला तुम्ही वेळ काढला होता.

मग तुम्ही ह्यांच्याकडे वळलात. "तुमचंही रक्त तपासलं होतं ना? हे आईबाप दोघांकडून येतं, एकट्या आईकडून नाही." हे खाली मान घालून हो म्हणाले. सासूबाई वर्षानुवर्षं माझ्या माहेराच्या नावानं बोटं मोडत होत्या. त्या दिवशी घरी गेल्यावर ह्यांनी त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण तो विषय बंद झाला. दिव्यांगाच्या कार्डापेक्षा मला याचंच जास्त अप्रूप आहे, खरं सांगते.

पुढं फोन झाले, कागद हलले, कार्ड आलं. ते सगळं सांगत बसत नाही. फक्त एक गोष्ट. अपंगत्व टक्क्यांत मोजतात, 40 च्या खाली भरलं तर सरकारी कॉलेजातलं आरक्षण नाही. मी विचारलं होतं, आज उठणारी आणि उद्या नसणारी कळ मोजायची कोणत्या दिवशी? उत्तर तुमच्याकडेही नव्हतं. पण तुम्ही तो प्रश्न स्वतःच्या वहीत, स्वतःच्या हातानं लिहून घेतला.

तुमच्या पत्रकावर कुटुंब, आरोग्य, मानवी हक्क असं मोठ्या अक्षरांत छापलं होतं. पत्रकांवर माझा विश्वास नाही, ती आमच्या घरी रद्दीत जातात. माणुसकी असलेली माणसं मात्र भेटतात. मेडिकलच्या वॉर्डातली एक सिस्टर ड्युटी संपल्यावरही याच्या उशाशी बसली होती. आमच्या गल्लीतला ऑटोवाला रात्री-बेरात्री मीटर न टाकता नेतो. आमदारही त्यांच्यासारखा असू शकतो, हे मात्र नवीन होतं बाप्पा.

2047 पर्यंत देशातून सिकलसेल संपवायचा, असं 2023 मध्ये सरकारनं ठरवलं. चांगलंच आहे. माझा पोरगा तोवर चाळिशीला टेकला असेल. त्याला तर बारावीच्या परीक्षेतच पाण्याची बाटली पाहिजे.

डिसेंबरात याल तेव्हा एक दिवस जेवायला या. वडा-भात करीन, वरून हिंगाचं तेल. पोराला तुम्हाला त्याचे गणिताचे मार्क सांगायचे आहेत. आणि फुकट जेवू घालणार नाही, आधीच सांगते. वस्तीतल्या अजून काही पोरांचे कागद अडकलेत, त्यांची यादी तयार ठेवली आहे. हात धुतले की लगेच देईन.

तुमची,
शिवणकाम करणारी एक आई