पार्ट मिळत नाही म्हणून येझदी विकू नकोस

कोल्हापूर

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र काल मिळालं. काकांची येझदी मोटारसायकल भंगारात द्यायचं चाललंय हे वाचून राहवलं नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो. "पिस्टन मिळत नाही, कंपनी बंद झाली, सोडून द्या" असं मेकॅनिकनं सांगितलं आणि तू ते मानलंस. इतक्यात मानू नकोस.

कंपनी बंद झाली हे खरं आहे. येझदी बनवणारी म्हैसूरची आयडियल जावा 1996 साली बंद पडली. 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझदी ही नावं परत आली, पण त्या गाड्या फोर-स्ट्रोक, लिक्विड कूलिंगच्या. त्यांच्या इंजिनातलं काही तुझ्या टू-स्ट्रोकला बसत नाही, त्यामुळे शोरूमचे खेटे घालू नकोस.

पण मला आधी वेगळीच शंका येते. तू लिहिलंस, पांढरा धूर फार येतो, गिअर ऑईल कमी होतं आणि गाडीखाली थेंब मात्र पडत नाही. मग ते ऑईल जातं कुठं? टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर गेला की क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची क्रँकची पेटी, हवा ओढतो. डाव्या बाजूला, क्लचकडे, क्रँकचं ऑईल सील कडक होऊन फाटलं असेल तर तो हवेबरोबर गिअर ऑईलही ओढून घेतो आणि इंजिन ते जाळतं. गिअर ऑईलचं झाकण उघडून वास घे. पेट्रोलचा वास आला तर शंका आणखी पक्की. म्हणजे मूळ दुखणं एका रबरी सीलचं असू शकतं. उजव्या, डायनामोच्या बाजूचं सीलही त्याच वेळी बदल. तिथून नुसती हवा शिरते, धूर दिसत नाही, पण मिश्रणात पेट्रोल कमी पडून इंजिन तापतं आणि पिस्टन जॅम होतो.

आता सील कुठं मिळेल? त्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे असतात. पुसले असतील तर व्हर्नियर, म्हणजे बारीक मापायची पट्टी, लाव. ते आकडे घेऊन बेअरिंग आणि सील विकणाऱ्या दुकानात जा, गाडीचं नाव काढूच नकोस. येझदी म्हटलं की दुकानदार नाही म्हणतो. माप सांगितलं की खोका उघडतो. बेअरिंगचंही तसंच. 6305 असा नंबर असला तर शेवटच्या 05 ला पाचनं गुण, आतलं भोक 25 मिलिमीटर निघतं. बाहेरचा व्यास 62, जाडी 17. हा नंबर जगात कुठंही तोच. क्रँकसाठी मात्र नंबरापुढे C3 असलेलंच माग, गरम झाल्यावर फुगायला त्यात जागा जास्त असते.

पिस्टन खरोखरच झिजला असेल तर आधी पुण्याच्या नाना पेठेत फिर, मग बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात. जुना पिस्टन खिशात घेऊन जा, फोटो दाखवून भागत नाही. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, 65 मिलिमीटरचा. त्याच्यापुढे पाव, अर्धा, पाऊण, एक मिलिमीटर अशी ओव्हरसाईझ मापं चालतात. सिलिंडर मापल्याशिवाय पिस्टन घेऊ नको, आणि पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारू नको.

कुणी दुसऱ्या गाडीचा पिस्टन "बसवून देतो" म्हणेल. बसतोही, पण नुसता व्यास जुळून चालत नाही. पिनचं माप बघ, पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची बघ, आणि सगळ्यात आधी रिंगच्या खाचेतली बारीक खुंटी बघ. रिंग फिरू नये म्हणून ती असते. रिंगचं तोंड पोर्टसमोर, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीसमोर, आलं की ते पोर्टमध्ये अडकतं, रिंग तुटते आणि सिलिंडरचा सत्यानाश होतो. हे न बघता पिस्टन घालणाऱ्याला मी गाडीला हात लावू देणार नाही. बोअर शेवटच्या मापाच्याही पुढे गेला असेल तर आत नवी स्लीव्ह, म्हणजे लोखंडी नळी, घालता येते, फक्त तिच्यात पोर्ट मूळ उंचीवरच कापणारा माणूस हवा. तो इकडे शिवाजी उद्यमनगरात आहे. सिलिंडर एस.टी.च्या पार्सलनं पाठव, मी स्वतः उभा राहून करून घेतो.

बाकीची बारीकसारीक कामं तू घरी करशील. कागदी पॅकिंग मिळालं नाही तर गॅस्केट शीट कव्हरवर ठेवून छोट्या हातोडीच्या गोल तोंडानं कडेकडेनं ठोकत जा, आपोआप कापलं जातं. तांब्याचे वॉशर लालभडक तापवून पाण्यात टाक, मऊ होऊन पुन्हा चालतात. क्लच केबलचा निपल, म्हणजे टोकाची गुंडी, तुटला तर तारेची टोकं निपलमध्ये आधी फाकव आणि मगच डाग दे, नाहीतर पहिल्याच दाबाला सुटेल. कॉर्कच्या क्लच प्लेटा रात्रभर ऑईलमध्ये बुडवून मग बसव. पेट्रोल कॉकचं रबर मात्र व्हायटनचं शोध, आता पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात टिकत नाही.

क्लच कव्हरला चीर आहे म्हणालास. ते आर्गन वेल्डिंगनं होतं, नवं ओतायला जाऊ नकोस. जुनंच कव्हर साचा म्हणून वापरलं की अॅल्युमिनियम थंड होताना सव्वा टक्क्याच्या आसपास आकसतं. वीतभर कव्हरमध्ये दोन-अडीच मिलिमीटरचा फरक पडतो आणि स्क्रूची भोकं जुळत नाहीत. इथले जाणते साचेवाले ती वाढ धरून लाकडी साचा करतात, पण तुला एकाच नगासाठी तो खर्च कशाला?

आणि काही ठिकाणी जुगाड करूच नकोस, हे मी हक्कानं सांगतो. अॅक्सल, हँडलचा स्टेम, कनेक्टिंग रॉड, ब्रेकची तार. गिअरही साध्या लोखंडातून कापून कुणी देत असेल तर घेऊ नको. त्याला मिश्र पोलाद लागतं आणि वरून कार्बन देऊन कडक करावं लागतं. मऊ दातांचा गिअर थोड्याच दिवसांत झडतो आणि त्याचे तुकडे पेटीतले बाकीचे गिअरही खातात. ब्रेक शू मात्र फेकू नको, त्यावर नवं लायनर चढवून मिळतं.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले गावोगाव जमतात. पुण्यातल्या मंडळींत जाऊन ये. कुणाच्या तरी माळ्यावर तुझा पार्ट पडलेला असतो, आणि ही माणसं तो अडवून ठेवत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

या आठवड्यात एवढं कर: गिअर ऑईल काढून माप, डावं कव्हर उघड आणि सीलचे आकडे मला कळव. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
संज्या