‘बदमाश’ हा शब्द माझा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. तीन एकर बाग आहे. ऑक्टोबर छाटणीची घाई सोडली तर रात्री जेवणं उरकल्यावर कथा लिहितो. गेल्या दिवाळीत माझी एक कथा एका अंकात आली. गोष्ट साधी आहे. व्यापारी थोडे पैसे हातावर ठेवून माल उचलतो, बाकीचे चार दिवसांत देतो म्हणतो आणि पसार होतो. शेतकरी त्याच्या भाड्याच्या खोलीवर जातो, तर दाराला कुलूप. त्या कुलपाकडं बघत तो आईवरून एक शिवी देतो. सबंध कथेत त्याचं बोलणं तेवढंच. अंक हातात आला तेव्हा तिथं छापलं होतं, ‘बदमाश कुठला!’

फोन केला तर उत्तर आलं, “अंक घरात जातो, लेकीबाळी वाचतात.”

आमच्याकडं कुणी कुणाला बदमाश म्हणत नाही. चार वर्षांमागं माझेच पैसे असे बुडाले. त्या कुलपासमोर मी स्वतः उभा होतो. तोंडातून तोच शब्द गेला आणि त्याच दमात रडू आलं. कथेत ते रडू तसंच ठेवलंय, पण आता वाचताना ते मलाच खोटं वाटतं.

राहिल्या लेकीबाळी. माझी आई बेदाणा निवडायला शेडवर जायची. तिथल्या बायकांच्या शिव्या ऐकत मी वाढलो. ‘मुडदा बशिवला तुझा’, ‘तळपट हुईल तुझं’, ‘जळ्ळं तुझं त्वांड’. पुरुष आईबहिणीवर जातो, बाई शाप देते. तिच्या हातात दुसरं असतं काय? आणि तीच आई संध्याकाळी मला म्हणायची, “मुडद्या, जेवलास का?” शब्द एकच, पण एकदा तो जाळतो आणि एकदा पोटाशी धरतो. अलीकडच्या काही कथांत म्हातारी, पोरगा, फौजदार सगळे एकच शहरी शिवी देतात. ते वाचून मलाही राग येतो. लेखकानं माणसं ऐकलेलीच नाहीत, हे तिथं उघडं पडतं.

शाळेत आम्ही ‘भले तरी देऊ कासेची लंगोटी’ पाठ केलं. तुकोबांनी ‘गांडीची लंगोटी’ म्हटलंय, हे मला चाळिशीत गाथा उघडल्यावर कळलं. सांगली ही नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथंच ‘सीतास्वयंवर’ केलं. त्याच मराठी रंगभूमीवर १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’च्या भाषेवरून केवढा गदारोळ झाला आणि प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. पन्नास वर्षांनंतरही एका शेतकऱ्याच्या एका शब्दाला घर बाटतं, याचं मला वाईट वाटतं.

काहीही छापावं असं मात्र मी म्हणत नाही. जातीचं नाव शिवी म्हणून गावात अजून ऐकू येतं. ते पात्राच्या तोंडी घातलं तर ज्याला ते लागतं त्याचा चेहराही त्याच पानावर दिसला पाहिजे. नाहीतर ती शिवी पात्राची राहत नाही, लेखकच देतो. आईवरची शिवी शेवटी बाईवरच पडते, हेही मला कळतं. म्हणून तर माझ्या कथेत त्या शेतकऱ्याची आई पैशाची वाट बघत उंबऱ्यात बसलेली आहे. तो घरी येतो आणि तिच्याकडं बघू शकत नाही. शिवी खोडल्यावर तो का बघत नाही, हे वाचकाला कळायचं कसं?

पहिलं अक्षर ठेवून पुढं टिंबं दिली असती तरी मी तक्रार केली नसती. वाचकानं ती आपल्या मनात भरली असती. न विचारता दुसराच शब्द माझ्या माणसाच्या तोंडी घातला, हे लागलं. यंदाची कथा लिहून तयार आहे. पाठवताना वर लिहिणार आहे : शब्द बदलायचा असेल तर आधी फोन करा, नाहीतर कथा परत पाठवा.

– एक द्राक्ष बागायतदार, ता. तासगाव, जि. सांगली